नवाबाचा परवाना

इंद्रभान तायडे यांनी त्या दिवशी फार मोठं काही ठरवलं नव्हतं. समोरच्या बशीरभाईंच्या घरी आलेला मासा कोणत्या नियमाखाली या देशात आला, एवढंच एकदा बघून ठेवावं, असं त्यांच्या मनात आलं. बघायला काय हरकत आहे? नियम बघण्यासाठीच असतात. (पाळण्यासाठीही असतात, पण ते दुसऱ्यांनी.)

इंद्रभानजी कोण, ते आधी सांगायला हवं. मलकापुरात स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं घर. कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली, हेडक्लार्क होऊन दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. फॅक्टरीनं त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं, आणि त्यांनी निघताना कारकुनी तेवढी सोबत घरी आणली. घरात आवक-जावक रजिस्टर सुरू झालं. मीटर बदलून देण्याचा अर्ज असो की लग्नाला येणं जमत नसल्याचं मेहुण्याला पत्र असो, उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक पडल्याशिवाय कागद उंबऱ्याबाहेर जात नसे. त्यांच्या पत्नीनं, सुचिताबाईंनी, एकदा किराण्याची यादी तशीच दुकानात पाठवली, तर या गृहस्थानं ती परत मागवली, नंबर टाकला आणि मग पुन्हा पाठवली. तोवर दुकान बंद झालं होतं.

गल्लीला मात्र त्यांचा मोठा आधार. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असो की पासपोर्टचा फॉर्म भरायचा असो, संध्याकाळी पाच ते सात सगळे इंद्रभानजींच्या ओट्यावर. ते चष्मा कपाळावर ढकलत, फॉर्म मागून-पुढून बघत आणि ठरलेलं वाक्य म्हणत, "अर्ज अपूर्ण आहे. आवश्यक कागदपत्रं जोडून पुन्हा सादर करा." मग स्वतःच बसून सगळं भरून देत. फुकट. समोरच्यानं फक्त एवढंच म्हणायचं, की "तायडेसाहेब, तुमी नसते तं आमचं काय झालं असतं!" हे ऐकून आतून सुचिताबाई चहा घेऊन येत, आणि कप ठेवताना नवऱ्याकडे एकदा बघत. त्या एका नजरेवर इंद्रभानजींची सगळी निवृत्ती मजेत चालली होती.

आणि मग तो मासा आला.

बशीरभाई मन्सुरी यांचं गाद्या-रजयांचं दुकान. माणूस मोठा गोड, इंद्रभानजींचा तीस वर्षांचा शेजारी. त्यांची मुलगी मलिहा आणि जावई नौमान मस्कतला असतात. नौमान सुट्टीवर आला तो सासऱ्यांसाठी हातभर लांबीची काचेची पेटी आणि त्यात एक लालभडक मासा घेऊन. माशाच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ. बशीरभाईंच्या बायकोनं, बानोभाभींनी, टेंगूळ बघून त्याचं नाव नवाब ठेवलं. "मस्कतचा हाये," बशीरभाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "इमानात बसून आला."

मलकापुरात विमानात बसून आलेली माणसंच मोजकी, तिथं मासा म्हटल्यावर गल्ली लोटली. नवाब होताही तसा. काचेवर बोट फिरवलं की बोटामागं फिरायचा. ओळखीचं माणूस दिसलं की अंग हलवून नाचायचा. आठवड्याभरात इंद्रभानजींच्या ओट्यावर पाच ते सात या वेळात फक्त इंद्रभानजी उरले. शेवटी एक म्हातारा आला, कडूबा नावाचा. इंद्रभानजींनी घाईघाईनं चष्मा कपाळावर चढवला, तर कडूबा म्हणाला, "तो मासा कोण्या घरी हाये, साहेब?"

हेही त्यांनी गिळलं असतं. पण सुचिताबाई जाऊ लागल्या. आधी एक दिवसाआड, मग रोज. चहाची वेळ टळू लागली. आल्या की चेहऱ्यावर एक वेगळंच हसू असे.

"मले वळखते तो," त्या एकदा म्हणाल्या. "दारात पाय ठेवला की काचीपाशी येते. असा नाचते, असा नाचते!"

"माशाला काही कळत नसतं," इंद्रभानजी म्हणाले.

"तुमी बत्तीस वर्षं फॅक्टरीतून घरी आले. एका दिवशी तरी मले पाहून नाचले का?"

इंद्रभानजी जळले. उगाच गोल गोल शब्द कशाला वापरायचे, चांगले जळले. बशीरभाईंवर जळले, त्या पेटीवर जळले, आणि सगळ्यात जास्त, सांगायलाही लाज वाटावी, त्या माशावर जळले. साठ वर्षांचा माणूस आरशासमोर उभा राहून आपल्या कपाळाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून परदेशी शोभेचे मासे आणण्याचे नियम छापून आणले. इंग्रजीत, बारीक अक्षरात, चांगले गठ्ठाभर. डिक्शनरी घेऊन ते बसले आणि दुपारपर्यंत पार हरखून गेले. काय नियम होते! मासा आणायच्या आधी सरकारचा परवाना. आधी मासा आणि मग परवाना, हे चालायचंच नाही. तिकडच्या देशाच्या अधिकाऱ्यानं दिलेला आरोग्याचा दाखला. उतरायचं तर ठरवून दिलेल्या ठिकाणीच. तिथं तपासणी. मग विलगीकरण, म्हणजे इतर माशांपासून दूर, वेगळ्या पाण्यात, रोजच्या नोंदी ठेवून. आणि काही गडबड निघाली तर माल जप्त करून नष्ट करणे. या शेवटच्या ओळीखाली इंद्रभानजींनी लाल पेननं रेघ मारली. मग आणखी एक मारली.

बत्तीस वर्षांत इतकी देखणी नियमावली त्यांच्या हाती आली नव्हती. बशीरभाईंकडे यातला एक तरी कागद असेल? शक्यच नाही. तो माणूस लाइटचं बिलसुद्धा गादीखाली ठेवतो.

मग त्यांनी अर्ज लिहिला. मासेमारी आणि माशांचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, बुलढाण्याला. विषय, संदर्भ, समास सोडून मजकूर, तीन सहपत्रं. आपल्या हातचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप करून घेतला. खाली नाव लिहिलं नाही. सही केली नाही. बाकी सगळं मात्र रीतसर केलं आणि पाकीट पोस्टात टाकलं.

तीन आठवडे झाले. बुलढाण्याहून कोणी येईना. इकडे प्रकरण वाढत चाललं. एका संध्याकाळी सुचिताबाई परतल्या त्या डोळे पुसत. इंद्रभानजी घाबरले, "काय झालं?"

"काई नाई. नवाबनं आज माया हातचा दाना खाल्ला."

एवढं ऐकलं आणि इंद्रभानजींनी नियमावली काखेत मारून रस्ता ओलांडला.

बशीरभाईंच्या बैठकीत पाच-सहा माणसं माशासमोर बसली होती. बानोभाभी सरबत देत होत्या. नवाब मजेत पोहत होता. इंद्रभानजींकडे त्यानं एकदा बघितलं आणि पाठ फिरवली.

"या या, तायडेसाहेब!" बशीरभाई उठले. "आज बरं येनं केलं."

"बशीरभाई, याचा परवाना कुठंय?"

"कोनाचा?"

"याचा."

"नवाबचा? तो काय गाडी चालोते?"

माणसं हसली. इंद्रभानजींनी गठ्ठा उघडला आणि कलमं वाचायला सुरुवात केली. एकेक कलम मराठीत समजावून. हसू थांबलं. सरबत थांबलं. 'नष्ट करणे' हे शब्द आले तेव्हा बानोभाभींनी पदर तोंडाला लावला.

"मस्कतहून आणला ना?" इंद्रभानजींनी विचारलं. "विमानानं?"

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. नवाब मस्कतचा नव्हता. नौमान घाईघाईत सुट्टीवर आला, सासऱ्यासाठी काहीच आणलं नव्हतं, म्हणून येताना जळगावला उतरून त्यानं तिथल्या एका दुकानातून पेटी आणि मासा घेतला होता. हे बशीरभाईंना ठाऊक होतं. पण जावयाची शान राहावी म्हणून पहिल्या दिवशी तोंडातून मस्कत निघालं, गल्लीनं ते डोक्यावर घेतलं, आणि महिन्याभरानं पाच-सहा माणसांसमोर मस्कतचं जळगाव करायचं म्हणजे मान खाली घालावी लागणार. बशीरभाईंनी माशाकडे बघितलं, माणसांकडे बघितलं आणि टोपी सारखी केली.

"हाव," ते म्हणाले. "मस्कतहूनच."

"मग विलगीकरण झालं का याचं?"

"ते काय राह्यते?"

"क्वारंटाइन."

"कोरोनावानी? मास्याले?"

"पंधरा दिवस. वेगळ्या जागेत. कोणी भेटायला यायचं नाही. पाण्याची, खाण्याची रोज नोंद. आणि देखरेखीला नियम समजणारा जबाबदार माणूस."

इंद्रभानजींचा हिशेब असा, की आता माणसं उठून जातील, सुचिताबाई घरी बसतील, आणि पाच वाजता चहा येईल. पण बशीरभाई जवळ सरकले. मग त्यांनी इंद्रभानजींचे दोन्ही हात हातात घेतले.

"साहेब, नियम समजनारा मानूस या गल्लीत एकच हाये. तुमीच ठेवा त्याले तुमच्या घरी. तुमच्याइतका भरोसा मले माया भावाचाबी नाई."

झालं. हातगाडीवर गादी अंथरली, गादीवर पेटी ठेवली, आणि चौघांनी धरून नवाबाची मिरवणूक रस्ता ओलांडून इंद्रभानजींच्या घरात आली. नियमाप्रमाणे.

पहिले दोन दिवस इंद्रभानजी माशाकडे बघतही नव्हते. कपाटातलं रजिस्टर टेबलावर आलं होतं, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर ते फक्त नोंदी करत. "मस्कतहून आलेला मासा. विलगीकरण, दिवस पहिला. पाणी स्वच्छ. दाणे सहा टाकले, सहा खाल्ले. वर्तणूक उद्धट." भेटीस बंदी असल्यानं बैठकीच्या दाराला कडी लागली. ती सुचिताबाईंनाही लागू होती.

"माया घरात मले बंदी?" त्या कडाडल्या.

"नियम सगळ्यांना सारखा."

"मंग सैपाकघरालेबी नियम लावते मी."

लावला. दोन दिवस इंद्रभानजींनी पोह्यांवर काढले. पण तिसऱ्या दिवशी ते सकाळी दाण्यांचा डबा घेऊन आत गेले, तर नवाब काचेपाशी आला. अंग हलवलं. थांबला. पुन्हा हलवलं. इंद्रभानजींनी मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. तो त्यांच्यासाठीच नाचत होता.

नोंद अशी आहे: "दिवस तिसरा. वर्तणूक समाधानकारक." दिवस पाचवा: "वर्तणूक उत्तम." दिवस सातवा: "आज माझ्या हातून बारा दाणे खाल्ले. अत्यंत हुशार." नवव्या दिवशी त्यांनी नवाबाला नियमावलीतला पहिला परिच्छेद वाचून दाखवला आणि त्यानं तो शांतपणे ऐकून घेतला, असंही लिहिलेलं आहे. (बत्तीस वर्षांत फॅक्टरीत एवढं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.)

आता गल्ली इंद्रभानजींच्या खिडकीशी जमू लागली. ते आतून सांगत, "दुरून बघा. आमचा नवाब दचकतो." आमचा! आणि रोज संध्याकाळी एक माणूस सगळ्यांच्या मागं उभा असे, दुकान लवकर बंद करून आलेला.

"जेवला का?" बशीरभाई विचारत.

"माझ्या हातून बारा दाणे."

"बारा? माया हातून तं आठाच्या वर कधी खाल्ले नाई." बशीरभाईंचा चेहरा उतरे, आणि तो उतरलेला चेहरा बघून इंद्रभानजींच्या पोटात गार गार वाटे. लाजेनं नव्हे, सुखानं. विलगीकरण पंधराऐवजी तीस दिवस करता येईल का, हे ते आता कलमांत शोधत होते.

तेराव्या दिवशी सकाळी अकराला गल्लीत सरकारी जीप आली.

जीपमधून एक तरुण बाई उतरल्या. काजल मॅडम, बुलढाण्याच्या कार्यालयातल्या अधिकारी. हातात फाइल. त्या आधी बशीरभाईंच्या घरी गेल्या. तिथं पेटीची रिकामी घडवंची होती. बानोभाभींनी साध्या मनानं बोट दाखवलं, "तो तं तायडेसाहेबाच्या घरी हाये. लय जपते ते त्याले." मॅडमनी रस्ता ओलांडला. त्यांच्यामागं बानोभाभी, बशीरभाई, आणि त्यांच्यामागं उरलेली गल्ली.

इंद्रभानजी नुकते दाणे देऊन नोंद लिहीत होते. अधिकारी म्हटल्यावर ते उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"विनापरवाना परदेशी मासा बाळगल्याची तक्रार आहे," मॅडम म्हणाल्या. "हाच का तो?"

इंद्रभानजींना आपली तक्रार आठवली. तिला लागलेली सहपत्रं आठवली. ती बशीरभाईंविरुद्ध होती आणि मासा मात्र आपल्या बैठकीत आहे, हेही त्यांच्या ध्यानात आलं.

"हा... हा इथलाच आहे, मॅडम. मलकापूरचा."

"मलकापूरचा?" मॅडमनी टेबलावरचं उघडं रजिस्टर फिरवून आपल्याकडे घेतलं. "'मस्कतहून आलेला मासा, दिवस तेरावा.' तुमचंच अक्षर ना?"

"हो."

"तेरा दिवस, तेरा वेळा मस्कत. खरं सांगू का, असले मासे मी इकडच्या दुकानांत चिक्कार बघते. इथंच पैदास करतात यांची. पण मला काय वाटतं याला अर्थ नाही. इथं लिहिलंय ना? कागद बोलतो."

कागद बोलतो! हे इंद्रभानजींचं बत्तीस वर्षांचं वाक्य. आज ते पहिल्यांदा त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

"हे खरं असेल तर मासा ताब्यात घ्यावा लागेल. पुढं काय करायचं ते वरून ठरेल. नियमात काय आहे, ते तुम्हाला माहीत असणारच." मॅडमनी टेबलावरची नियमावली उचलली. "लाल रेघा मारलेल्या दिसतात. दोन."

मॅडमनी ती ओळ मराठीत वाचून दाखवली, 'माल जप्त करून नष्ट करणे', आणि सुचिताबाई भिंतीला टेकल्या.

इंद्रभानजींनी पेन खाली ठेवलं. ते पेटीपाशी गेले आणि तिच्याभोवती दोन्ही हात टाकून उभे राहिले. तोंडात कलमं येत होती आणि एकही कलम माशाच्या बाजूचं नव्हतं. नवाबाला वाटलं, साहेब खेळताहेत. तो त्यांच्या पोटासमोर नाचायला लागला. इंद्रभानजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. हा मासा मरावा असं आपल्याला खरंच वाटत होतं, हे त्यांना आठवलं आणि स्वतःची किळस आली.

"मॅडम," दारातून आवाज आला. बशीरभाई होते. अख्खी गल्ली त्यांच्या पाठीशी उभी होती, कडूबासुद्धा. बशीरभाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"तो मस्कतचा नाई. जळगावचा हाये."

गल्लीनं एकमेकांकडे बघितलं.

"माया जावयानं जळगावात घेतला. मीच सगळ्याले खोटं सांगतलं. शान मारली." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे बिल. पानी गरम करायच्या हिटरची ग्यारंटी हाये त्याच्यावर, म्हून जपून ठेवलं. तायडेसाहेबाचा काई गुन्हा नाई. त्याईनं बिचाऱ्यानं मायाच शब्दावर लिहिलं. लिहायचं असन तं माया नावानं लिहा."

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. बशीरभाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते हलले नाहीत. मॅडमनी बिल बघितलं, दुकानाला फोन लावला, चार प्रश्न विचारले आणि हसून फाइल मिटली.

"मग विषयच संपला. जळगावहून मलकापूरला यायला परवाना लागत नाही."

बानोभाभींनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले, सुचिताबाईंनी गजानन महाराजांचे. इंद्रभानजींनी पेटी सोडली. गोष्ट इथंच संपली असती तर फार बरं झालं असतं.

पण मॅडम निघताना दारात थांबल्या. "एक अडचण आहे. निकाल तक्रारदाराला कळवायला हवा, आणि तक्रारीवर नाव नाही. एरवी अर्ज इतका सुंदर! समास काय, सहपत्रं काय. असा अर्ज मी नोकरीत बघितला नाही. निनावी आहे, पण गंमत म्हणजे वर जावक क्रमांक टाकलाय." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "घर, तिरपी रेघ, चारशे सतरा."

इंद्रभानजींनी डोळे मिटले. नाव लिहिलं नव्हतं. सही केली नव्हती. बाकी सगळं मात्र रीतसर केलं होतं.

रजिस्टर टेबलावर उघडं होतं. सुचिताबाई शांतपणे गेल्या, पुढची पानं उलटली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "चारशे सोळा, मेहुण्यास पत्र. चारशे सतरा, बशीरभाई यांच्या माशाबाबत तक्रार. शेरा..." त्या थांबल्या. "शेरा, निनावी."

कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडम जीपकडे गेल्या. बशीरभाईंनी ती ओळ स्वतः वाकून वाचली, दोनदा. मग इंद्रभानजींकडे बघून ते म्हणाले, "लय चांगला लिहिला म्हनते अर्ज. माया पासपोर्टच्या फारमापेक्षाबी चांगला, नाई का?"

पुन्हा हातगाडी आली, पुन्हा गादी अंथरली, आणि नवाब रस्ता ओलांडून आपल्या घरी गेला. मागोमाग सुचिताबाई दाण्यांचा डबा घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी इंद्रभानजींनी माफीचं पत्र लिहिलं. यावेळी हातानं, पूर्ण नावानं, सहीनिशी. "मी जळलो," असं त्यात एका ओळीत स्पष्ट लिहिलं, आणि हे लिहायला त्यांना बत्तीस वर्षांतल्या कुठल्याही पत्रापेक्षा जास्त वेळ लागला. जावक क्रमांक चारशे चोवीस. उत्तर संध्याकाळी आलं. सुचिताबाईच घेऊन आल्या. आपल्या गाद्यांच्या दुकानाच्या बिलाच्या पाठीमागं बशीरभाईंनी लिहिलं होतं:

"आपला अर्ज मिळाला. अर्ज अपूर्ण आहे. आवश्यक कागदपत्रं जोडून पुन्हा सादर करा. नवाबला भेटायचं असल्यास आधी परवाना, मग भेट. परवाना आमच्याकडून मिळेल. परंतु अर्जदारास एक रोग असल्याचं त्यानं स्वतःच लिहून दिलं आहे, सबब पंधरा दिवस विलगीकरण. अर्जदारानं आपल्याच ओट्यावर राहावं. देखरेखीस सुचिताताई. रोग गेल्याचा त्यांचा दाखला मिळाल्यावर सरबत पाजण्यात येईल. आपला भाऊ, बशीर."

इंद्रभानजींनी पत्र चारदा वाचलं. 'आपला भाऊ' या शब्दांवर त्यांनी बोट फिरवलं. मग खुर्ची ओट्यावर नेली आणि बसले.

पंधरा दिवस ते नियमानं बसले. गल्लीतले लोक हळूहळू फॉर्म घेऊन पुन्हा यायला लागले. कोणी चिडवलंच तर इंद्रभानजी मान खाली घालून फॉर्म भरत. सुचिताबाई रोज समोर जात, परत येत आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर नोंद करत. "दिवस चौथा. वर्तणूक नरम." "दिवस दहावा. बशीरभाईंना आपणहून नमस्कार केला." पंधराव्या दिवशी संध्याकाळी इंद्रभानजी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. सुचिताबाईंनी कोरा कागद पुढं ओढला, दाखला लिहायला घेतला. पाच वाजले होते. चहा समोर होता. आणि कप ठेवताना त्यांनी नवऱ्याकडे बघितलं होतं, तसंच, पूर्वीसारखं.

"आता कसं वाटते?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"एकदम निर्मळ," इंद्रभानजी म्हणाले. "मनात काही नाही. बशीरभाईंचा मासा, बशीरभाईंना लखलाभ."

"बरं झालं बाई. तब्येत चांगली सुधरली नवाबाची तिकडं गेल्यापासून. आता बशीरभाईच्या हातून चौदा चौदा दाने खाते."

"चौदा?" इंद्रभानजी ताडकन म्हणाले. "शक्यच नाही! कोणी मोजले? माझ्या हातून बारा खायचा तो, बारा! त्याच्यावर एक दाणा खात नव्हता! लेखी नोंद आहे माझ्याकडे!"

सुचिताबाईंनी दाखल्याचा कागद बाजूला सारला, रजिस्टर पुढं ओढलं, नवा जावक क्रमांक टाकला आणि लिहिलं, "लक्षणं कायम. मुदतवाढ, पंधरा दिवस."